जात्यातली मूठ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सोलापुरात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. दाराला कुणी लिंबू-मिरची टांगली तर लिंबू काढून सरबत करणारी बाई मी! त्यामुळे वाचून हसलात तरी चालेल... मीही हसले असते.

छंद मात्र विचित्र आहे — लॅपटॉपवर ॲम्बियंट म्युझिक करायचं. संथ, लांबच लांब सूर. आमचे हे त्याला ‘फ्रिजची घरघर’ म्हणतात. कॉलेजातल्या एका जुन्या सरांनी गावोगाव हिंडून टेप केलेल्या जात्यावरच्या ओव्या मी डिजिटल करत होते. त्यात मंद्रूपच्या रुक्मिणीबाई सापडल्या. काय आवाज! पण एक ओळ गायल्या की गप्प. नुसतं जातं फिरतंय... मग पुढची ओळ. त्या मोकळ्या जागांत मी माझे सूर भरले, शेवट हळूहळू विरत नेला आणि घरच्यांची परवानगी घ्यायला रविवारी दुपारी मंद्रूप गाठलं.

रुक्मिणीबाई गेल्या वर्षीच वारल्या होत्या. त्यांच्या धाकट्या जाऊ, काशीबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा मारुती म्हणाला, “थोरली गेली तवापासनं आई बोललीच न्हाय बगा, मॅडम. डॉक्टर म्हंत्यात कायबी झालं न्हाय. आता जेवनबी सोडलंय... लई भ्या वाटतंय.”

मोकळ्या जागांचा उलगडाही त्यानंच केला. दोघी जावा जात्याचा एकच खुंटा धरून दळायच्या. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं जोडायची. पण सरांचं मशीन बघून काशीबाई बुजल्या. “आवाज डब्यात अडकंल म्हनली!” म्हणजे मी भरलेल्या जागा त्यांच्या होत्या. मी लॅपटॉप उघडला. माझे सूर अगदी बारीक केले आणि स्पीकर लावला.

रुक्मिणीबाई गायल्या. काशीबाईंचा हात जमिनीवर गोल फिरू लागला. पुढच्या मोकळ्या जागेत त्या चक्क गायल्या — फाटका आवाज, पण सुरात! मारुतीची बायको सुनंदा चहा घेऊन दारातच थिजली. इथवर ठीक आहे. गाण्याची आठवण मेंदूत खोल असते.

मग टेपवरच्या ओव्या संपल्या. स्पीकरमधून फक्त माझे सूर विरत चालले होते. तेवढ्यात काशीबाईंनी आपल्या मनानं ओळ घातली,

“सरलं का गं आक्का, आपलं दोघींचं दळण...”

आणि स्पीकरमधून रुक्मिणीबाई म्हणाल्या,

“सरलं म्हणू नगं बाई, मूठ हाय की जात्यात!”

तोच आवाज, मागं जात्याची घरघर. मारुतीनं हात जोडले. माझेही जोडले गेले, खोटं कशाला बोलू...

दळण ‘सरलं’ म्हणायचं नाही, जातं रिकामं सोडायचं नाही, मूठभर दाणे त्यात ठेवूनच उठायचं — ही त्या घरची रीत मला सुनंदानं नंतर सांगितली. त्या क्षणी काशीबाई मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“आक्का रागावली की मला,” त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळून, “सुनंदा, भाकरी हाय का गं?”

मूळ टेप दोन्ही बाजूंनी तपासली. फाईल कितीदा तरी ऐकली. ती ओळ कुठंच नाही. आवाजाला उगम लागतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते, यंदाही शिकवलं. या आवाजाचा उगम मला अजून सांगता येत नाही.

ट्रॅकचा विरत जाणारा शेवट तेवढा मी कापून टाकलाय. आता तिथं जातं फिरतच राहतं.