मी हात ओळखला

मंडळी, आज माझ्या जिभेनं एक माणूस अडकवला.

मी वडशात झाडीपट्टी नाटकांचे पडदे रंगवतो. सकाळी बसस्टँडच्या भिंतीवर एक चित्र दिसलं, खाली नाव नाही. नेते हसत हसत जंगलाचा पडदा वर गुंडाळतायत आणि पडद्यामागे खाणीचा खड्डा. जमलेले लोक विचारत होते, कोणी काढलं असेल?

मला राहवलं नाही. म्हणालो, "हे सागाचं पान पाहा. ब्रश उलटा फिरवून असं पान आमच्या पडदेवाल्यांत एकच जण काढते." आणि नाव सांगून मोकळा झालो. लोकांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

दुपारी त्याला पोलिसांनी नेलं.

संध्याकाळी सुटला तेव्हा मी चौकीबाहेर उभा होतो. तो शिवी देईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "चूक मायीच आहे भाऊ. तू पाहशीन हे ध्यानात ठेवून पान बदलवाले पायजे होतं."

तुम्ही तो हात ओळखला असता, तर गप्प बसला असता ना?