वजन पडल्याशिवाय

बंद पडलेल्या गाडीला धक्का मारायला आपल्याकडे माणसं बोलवावी लागत नाहीत. बोनेट उघडायच्या आत चार जण बाह्या सावरत येतात. पण जिजाच्या गाडीला धक्का मारायची धारूरच्या घाटात कोणाची टाप नव्हती. हातात पाना घेऊन ती गाडीच्या मागच्या फळक्याला पाठ लावून उभी राहायची आणि म्हणायची, "हात लावशील तर पाना हाणीन." मदतीला आलेला गडी आधी हसायचा, मग पान्याकडे बघायचा आणि आपल्या वाटेला लागायचा.

"कावून गं जिजा? धक्क्यानं चालू होती की," मी एकदा म्हणालो.

"चालू होती, खरं हाय. पर रोग दडून बसतो. मग त्यो कवा सापडायचा? बंद पडली तर पडू दे. उन्हात बसू, पर त्याला हुडकू."

मी आमच्या गावच्या दूध संस्थेत फॅट काढायचो, म्हणजे दुधातली स्निग्धता मोजायचो, आणि जिजा संस्थेची जुनी पिकअप जीप चालवायची. आधी तिचा नवरा चालवायचा. त्याची नजर कमी झाली तेव्हा हिनं स्टिअरिंग धरलं. सभेत एका सभासदानं तोंड वाकडं करून विचारलं होतं, "आता बाईमाणूस गाडी चालवणार का?" जिजा मागून म्हणाली, "गाडीला डिझेल लागतं बे, मिशा न्हाई लागत." 'बे' आमच्याकडे बायका म्हणत नाहीत. जिजा म्हणायची, आणि तेही सभेत.

ती डोंगरावरच्या वस्तीवरची, स्वतःही संस्थेला दूध घालणारी सभासद. वरच्या वस्त्यांनी संस्थेच्या भरवशावर मेंढरं विकून म्हशी घेतल्या होत्या. रोज सकाळी जीप रिकामे कॅन घेऊन वर जायची आणि दूध घेऊन खाली यायची. पण लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. वरच्या विहिरी आटल्या, दूध घटलं आणि त्यातच जीपनं असहकार पुकारला. मनात आलं तर चालू व्हायची, नाही तर चावी फिरवली की नुसतं 'टक्'. आमच्या चेअरमनना आयतंच निमित्त मिळालं. "पुढच्या सभेत वरची फेरी बंद करू. दूध न्हाई, गाडी धड न्हाई, कशाला हा उपद्व्याप?" फेरी बंद झाली तर वरचं दूध नासणार आणि म्हशी बाजारात उभ्या राहणार, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. चेअरमननाही कळत होतं.

जिजा इरेला पेटली. आधी तिनं बॅटरीवर आळ घेतला. "सापडला चोर!" म्हणून साऱ्या गावाला सांगितलं. बॅटरी बदलली, दोन दिवसांनी पुन्हा 'टक्'. मग चावीच्या स्विचवर आरोप ठेवला, मग इंजिन फिरवणाऱ्या सेल्फवर. सेल्फ काढून धारूरच्या गॅरेजात नेला. तोही निर्दोष सुटला. प्रत्येक वेळी ती छातीठोकपणे सांगायची आणि प्रत्येक वेळी तोंडघशी पडायची. लोक चिडवायला लागले. पण लाजेल ती जिजा कसली! म्हणायची, "एवढे साव निघाले ना? मग आता राहिला त्यो चोर."

एक दिवस तिनं मला विचारलं, "ही दूध भरल्यावर कवा बंद पडली का रे?" आठवून बघितलं तर कधीच नाही. रुसायची ती वर जाताना, कॅन रिकामे असताना. लगेच जिजानं संस्थेच्या बोअरवर कॅन पाण्यानं भरून जीपमध्ये चढवले. चावी फिरवली, जीप चालू. कॅन उतरवले, 'टक्'. तेवढ्यात पाण्याची नासाडी बघून चेअरमन तावातावानं आले आणि ओरडत ओरडत मागच्या फळक्यावर चढले. त्यांचा देह चांगला भरभक्कम. जिजानं चावी फिरवली आणि जीप धडधडत सुरू झाली.

"बघा," जिजा गंभीरपणे म्हणाली, "तुमचं वजन पडल्याबिगर या संस्थेत काईच चालू होत न्हाई."

सगळे हसले. चेअरमनना वाटलं आपलं कौतुकच झालं, तेही हसले आणि म्हणाले, "मग ने पाणी भरून, वजन म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून पाण्यानं भरलेले कॅन वर जाऊ लागले. वस्तीवर पाणी म्हशींच्या हौदात ओतायचं आणि त्याच कॅनमध्ये दूध भरून आणायचं. टँकर त्या वाटेला कधी फिरकलाच नव्हता. म्हशी तगल्या. आमच्या कागदोपत्री ते पाणी नव्हतंच, वजन होतं!

खरं तर जिजानं इथंच थांबायला हवं होतं. दुसरी कोणी असती तर थांबली असती. पण चोर अजून मोकळा होता, आणि ते तिला सहन होईना. एका दुपारी ती जीपखाली शिरली आणि ग्रीसनं माखून बाहेर आली ती थेट चेअरमनच्या केबिनमध्येच. इंजिनापासून चॅसीला जोडलेली अर्थिंगची पट्टी गंजून ढिली झाली होती. वजन पडलं की ती टेकायची, गाडी हलकी झाली की सुटायची आणि सेल्फला करंटच मिळायचा नाही. जिजानं पट्टी घासून नट आवळला होता आणि आता रिकामी जीपही एका चावीत चालू होत होती. मी दारात उभा राहून तिला डोळ्यांनी खुणावत होतो, गप बस म्हणून. तिनं बघितलंसुद्धा नाही.

चेअरमन शांतपणे म्हणाले, "झ्याक झालं. आता वजनाची गरज न्हाई. उद्यापासून पाणी बंद."

"गाडी आजारी व्हती तवा पाणी नेलं," जिजा म्हणाली. "आता तर बरी झाली. आता दोन फेऱ्या नेते."

"संस्था दुधाची हाय. पाण्याची न्हाई."

"म्हस काय डिझेलवर दूध देती का?"

चेअरमननी हात पुढे केला. "चावी ठेव."

तिनं चावी टेबलावर ठेवली आणि घाट चढून चालत घरी गेली. मी दारातून बाजूला सरकून तिला वाट दिली.

सकाळी नवीन ड्रायव्हरला वाट दाखवायला मी सोबत गेलो. जीप एका चावीत चालू झाली. मला त्या जीपचाच राग आला. वर वस्तीवर लोक दुधाची भांडी घेऊन रांगेत उभे होते. सगळ्यात पुढे जिजा, डोक्यावर पदर, हातात दुधाची बादली. ती कॅनजवळ आली, झाकण उघडून आत हात घातला. "कोरडा हाय," एवढंच म्हणाली आणि भरली बादली घेऊन मागे फिरली. तिच्यामागचा म्हातारा फिरला. त्याच्यामागची बाई फिरली. बघता बघता रांग मोडली. पुढच्या वस्तीवर तेच. नवीन ड्रायव्हर घाबरून गेला होता आणि मला मात्र इतका आनंद झाला होता, की घाट उतरताना मी शीळ घालत होतो. त्या दिवशी मला फॅट काढायला वरचं थेंबभर दूध नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. मग आमचं दूध जायचं त्या तालुक्याच्या शीतकेंद्रातून चौकशी सुरू झाली आणि चेअरमननी स्वतः बोअरची मोटर चालू करायला सांगितली.

जिजा जाऊन आता बरीच वर्षं झाली. संस्थेच्या सभेत कोणी दबकत बोलायला लागला की मला तिची फार आठवण येते. तिच्या शिव्यांचे किस्से लोक अजून सांगतात. मला आठवते ती पाणी पुन्हा सुरू झालं त्या आठवड्यातली सकाळ. चेअरमनचा निरोप घेऊन मी तिच्या दारात गेलो होतो. झालं गेलं विसर, कामावर ये, असा निरोप. जिजा धार काढत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"सांग त्यायला, मी न्हाई येत. डायवरला घरी बसवता येतं. आता सभासदाला बसवून दाखवा म्हणावं."