बारावे लेणे आणि दुधाची गाडी

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार. बारामती ते भोर एसटीचे माझे पूर्ण आणि अक्काबाईंचे अर्धे तिकीट मिळून दोनशे बेचाळीस रुपये झाले. ते अक्काबाईंनी दिले. मी खिशात हात घातला तर म्हणाल्या, "मी तुमास्नी नेतीय, कुंडलिकराव. तुमी मला न्हाय."

ते खरेच होते. मी कळसच्या एका पतसंस्थेत व्यवस्थापक. निवृत्तीला सात महिने राहिलेले. अक्काबाई आमच्या जुन्या खातेदार, वय अडुसष्ट. तीस वर्षे वाड्यावस्त्यांवरच्या अंगणवाड्यांत त्या मदतनीस होत्या. दर दोन-चार महिन्यांनी थोडे पैसे काढायच्या आणि मी कारण विचारले की सांगायच्या, "लेणी बघाय जायचंय." डोंगरांतली अकरा बौद्ध लेणी त्यांनी पाहिली होती, सगळी एसटीने आणि पायी. घरात गाडी कधीच नव्हती.

बारावे राहिले होते, कारण त्याच्या पायथ्याच्या गावाला धड बस जात नाही. आणि येत्या गुरुवारी त्यांच्या गुडघ्यांचे ऑपरेशन ठरले होते. डॉक्टरांनी सांगितले होते, यापुढे डोंगर विसरा. मुलगा रवींद्र म्हणाला, एकटीने तर जायचेच नाही. म्हणून मी निघालो. हे दोन दिवस हुकले असते तर बारावे लेणे कायमचे राहिले असते.

वेळापत्रक माझे होते. फुलस्केप कागदावर तीन रकाने आखून गाड्या, वेळा, अंतरे लिहिली होती. भोरहून पायथ्याच्या गावाला एकच बस, सायंकाळी सव्वापाच. आम्ही अडीचलाच पोहोचलो. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने माझा कागद वाचला आणि परत दिला.

"ही शाळेच्या पोरांची गाडी हाय, साहेब. शाळा सुटली की जाती. शनवारी शाळा सकाळची. साडेअकरालाच गेली."

"आणि उद्या?"

"उद्या रविवार."

आयुष्यभर मी दुसऱ्यांचे आकडे तपासत आलो. इथे वेळ तपासली, वार तपासला नाही. अक्काबाईंकडे बघवेना.

त्या हसल्या. "तुमच्या शाळंला शनवार नव्हता व्हय?" मग पिशवी उचलली. "चला, डेअरी कुठं हाय ते विचारू. एसटी जाईल न जाईल. पर दूध निघतं तितं गाडी जातीच."

अंगणवाडीच्या वस्त्यांवर त्या तीस वर्षे अशाच पोहोचल्या होत्या. डेअरीपुढे रिकामे कॅन भरलेला टेम्पो उभाच होता. त्याच पायथ्याच्या गावचा सिद्धू नावाचा तरुण तो चालवायचा. दुपारी कॅन घेऊन वर जायचे, सकाळी साडेआठला दूध घेऊन खाली यायचे. त्याने अक्काबाईंना पुढे बसवले आणि मला मागे चढवले.

"साहेब, कॅन घट्ट धरून बसा. कॅन पडला तर माझं पैसं कापत्यात. तुमी पडला तर न्हाय."

वाटेत मागच्या जाळीतून त्यांचे बोलणे ऐकू येत होते.

"आज्जी, ह्या वयात डोंगरात काय ठिवलंय?"

"तू बघितलंस का लेणं?"

"ल्हान असताना. म्हस हुडकाय गेल्तो."

"मंग म्हस बघितलीस तू. उद्या खाली येताना मी सांगीन काय ठिवलंय ते."

गावात उतरलो. दोघांचे साठ रुपये झाले. माझ्याकडे पाचशेची नोट, त्याच्याकडे सुटे नाहीत आणि फोनला रेंज नाही. "उद्या द्या की," म्हणाला आणि आम्हाला आपल्या चुलतीच्या पडवीत झोपायला जागा करून दिली.

सकाळी दिसू लागताच निघालो. निम्मी वाट बरी होती, पुढे कातळात खोदलेल्या झिजलेल्या पायऱ्या. तिथे अक्काबाईंचे गुडघे वाकेनात. त्या वळून पायरीवर बसल्या आणि हात टेकून उलट्या, एकेक पायरी वर सरकू लागल्या. खालून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. लांब, तीनदा. सिद्धू आमच्यासाठी थांबला होता. आमची परतीची गाडी तीच.

"जाऊ द्या तिला," त्या म्हणाल्या आणि पुढची पायरी चढल्या.

बाहेरून काही दिसत नव्हते, करवंदीच्या जाळीमागे फक्त एक काळे तोंड. आत शिरलो. कातळाच्या पोटात उंचच उंच दालन, छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आणि शेवटी अखंड दगडाचा स्तूप. दारातून आलेले सकाळचे ऊन थेट त्याच्या घुमटावर पडले होते. अक्काबाईंनी वंदना म्हटली. त्यांचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा होऊन परत आला.

मग त्या भिंतीपाशी गेल्या आणि छिन्नीच्या खुणांवर तळहात फिरवत राहिल्या.

"भात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडलीय, कुंडलिकराव. पंधरा वर्साची होते. दिसभर फोडली तर गुडघ्याएवढा ढीग व्हायचा. आन् ह्यांनी एवढा डोंगर भाईर काढला." त्या स्तूपाकडे बघत राहिल्या. "आन् ह्यो तेवढा ठिवला. एक घाव जादा बसला असता तर? दगड परत लावता येत न्हाय."

मी सवयीने दालन पावलांनी मोजले होते, सतरा लांब, सात रुंद. किती दगड निघाला असेल त्याचा गुणाकार मनात सुरू केला. तो मी सोडून दिला. ऊन घुमटावरून स्तूपाच्या पायाशी उतरेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.

उतरायला तीन तास लागले. सिद्धू कधीच दूध घेऊन गेला होता. खाली एका लग्नाच्या वऱ्हाडाची पिकअप निघाली होती, तिने आम्हाला भोरला सोडले.

ऑपरेशन नीट झाले. मार्चमध्ये भेटायला गेलो तेव्हा अक्काबाई वॉकर धरून अंगणात चालत होत्या. मी बसायच्या आधीच त्यांनी विचारले, "सिद्धूचं पैसं दिलं?"

"नाही अजून. त्याचा नंबर घ्यायचा राहिला."

"मंग जावा. आन् डोंगरात काय ठिवलंय तेबी सांगा त्याला. मी कबूल केलंय."

मी नवा कागद आखला आहे. या वेळी वार बुधवार धरला आहे. सिद्धूचे साठ रुपये द्यायचे आहेत.