अकरा पदवीधर आणि पसाभर ज्वारी

मूर्खपणा कुणाच्या हातून होत नाही? पण गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पहाटेच्या एसटीचं तिकीट काढून खास मूर्खपणा करायला परगावी गेलेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? नसेल तर आज पाहून घ्या, समोरच बसलोय. चहा गार होऊ देऊ नका. आणि हसू आलं तर हसा, मी आता सवय करून घेतली आहे.

मी बी.एस्सी. झालो धुळ्याला. रसायनशास्त्र, सेकंड क्लास. सोनगीरजवळच्या आमच्या गावातला मी पहिला बी.एस्सी. निकालाच्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावभर पेढे वाटले. पहिल्या वर्षी लोक विचारायचे, "काय साहेब, कुठं लागले मग?" दुसऱ्या वर्षी त्यातलं 'साहेब' गेलं. तिसऱ्या वर्षी विचारणंच गेलं. चौथ्या वर्षी तर काही जण मला लांबून पाहून रस्ता बदलायचे. त्यांची पोरं कॉलेजात शिकत होती हो. मला पाहिलं की त्यांचा धीर सुटायचा.

काय केलं नाही मी? एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड काढलं, न चुकता रिन्यू करत गेलो. कार्डाच्या कडा झिजल्या, कॉल काही आला नाही. टायपिंग शिकलो. शाळांमध्ये गेलो, तिथं संस्थाचालकांचे भाचे आधीच पोचलेले. कारखाने पाहावेत, तर मला जे काय येत होतं ते हायड्रोजन सल्फाइड तयार करणं. सडक्या अंड्याच्या वासाच्या त्या वायूला आमच्या जिल्ह्यात मागणी नव्हती.

होळी झाली आणि एक दिवस जेवताना आबांनी विषय काढला. आमच्याकडे शेतावर वर्षाच्या बोलीनं गडी ठेवतात, त्याला सालदार म्हणतात. त्याचं साल अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं.

"आवंदा सालदार लावना नही," आबा म्हणाले. "अखाजीपावत नोकरी भेटनी ते ठीक. नही ते तूच."

रागावून म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं भाकरी मोडता मोडता म्हणाले. शेतीचं काम हलकं असं माझं म्हणणं नाही. पण माझा धाकटा भाऊ दहावी नापास होऊन तेच काम करत होता, आणि झकास करत होता. मला धड बैल जुंपता येत नव्हता. म्हणजे पंधरा वर्षं शिकून मी धाकट्या भावाच्या हाताखालचा गडी होणार होतो, आणि तोही बिनकामाचा. त्या रात्री मला खरंच रडू आलं.

आणि अखाजीला दहा दिवस उरले असताना जळगावहून पोस्टकार्ड आलं. एका डाळमिलमध्ये मालाची आवक-जावक लिहायला कारकून हवा होता. जाहिरातीत शिक्षण 'मॅट्रिक' लिहिलं होतं, तरी मी अर्ज केला होता. कार्डावर लिहिलं होतं, 'बुधवारी सकाळी दहाला समक्ष भेटावे.'

कार्ड घेऊन मी थेट धुळ्याला अशोककडे गेलो. अशोक म्हणजे आमच्या बेकार मंडळातला भीष्माचार्य. बी.कॉम. आणि बत्तीस मुलाखती दिलेला. मुलाखतींचा अनुभव दांडगा, नोकरीचा एका दिवसाचाही नाही. आणि मार्गदर्शनाला आम्ही सगळे त्याच्याकडे जायचो. यावरूनच आमची अवस्था ओळखा.

"शेठ लोक सर्टिफिकेट बघत नाहीत," अशोक बशीत चहा ओतत म्हणाला. "नजर बघतात. मुलाखत आत नसते रे, बाहेर अंगणात असते."

"अंगणात?"

"नळ ठिबकत ठेवतील. माल सांडून ठेवतील. जो उठून नळ बंद करील, माल उचलील, तो पास. बाकीचे आत जाऊन नाव-गाव सांगून परत येतात."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? बत्तीस मुलाखती झाल्यात माझ्या."

बत्तीस वेळा नापास झालेल्या माणसाचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. काय सांगू, त्या दिवसांत कुणीही काहीही सांगितलं तरी पटायचं.

बुधवारी मी साडेनऊलाच मिलमध्ये हजर. मोठं आवार, मागं मिल, पुढं शेठजींचं दुमजली घर, घराच्या खाली ऑफिस. ऑफिसच्या पडवीत दोन बाकं होती आणि त्यांवर माझ्यासकट अकरा उमेदवार. दोन एम.ए., पाच बी.कॉम., तीन बी.ए. आणि मी. मॅट्रिक एकही नव्हता. सगळ्यांच्या मांडीवर फायली, सगळ्यांच्या शर्टाला ताजी इस्त्री, सगळे एकमेकांकडं न बघता बसलेले.

जाड भिंगाचा चष्मा लावलेले वयस्कर मुनीमजी बाहेर आले. "बसा," म्हणाले. "कुणी उठू नका. दहाला एकेकाला बोलावतो."

उठू नका? मला मनातून हसू फुटलं. म्हणजे अशोक म्हणत होता ते अगदी खरं. परीक्षा सुरू झाली होती.

मी आवारात नजर फिरवली. आणि दिसला ना नळ! कोपऱ्यात एका मातीच्या कुंडीत थेंब थेंब गळत होता. मी उठलो, गेलो, नळ करकचून बंद केला आणि सगळ्यांना दिसेल असे हात झटकले. पहिला पेपर सोडवला.

दुसरा पेपर नळाच्या बाजूलाच होता. दगडी ओट्यावर आणि ओट्याखालच्या फरशीवर पसाभर ज्वारी सांडली होती आणि पंधरा-वीस कबुतरं तिच्यावर नुकतीच उतरत होती. आता तुम्ही म्हणाल, डाळमिलमध्ये ज्वारी कशी आली, हा प्रश्न विज्ञानाच्या पदवीधराला पडायला हवा होता. हवा होता. पडला नाही.

मी हातातली फाइल फिरवून कबुतरं हुसकली. खिशातला स्वच्छ रुमाल पसरला, आणि गुडघ्यांवर बसून दाणा न् दाणा वेचायला लागलो.

बाकावरचे दहा जण दोन मिनिटं नुसते बघत राहिले. मग माझ्या शेजारी बसलेला साक्रीकडचा एक बी.ए. हळूच जवळ आला.

"ओ भाऊ, काय करी राहिना?"

"काही नाही. बसा तुम्ही."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग नळाकडं बघितलं, मग ऑफिसच्या खिडकीकडं. बी.ए. असला तरी डोकं होतं त्याला. खट्‌कन खाली बसला. "बठ्ठा दाना तूच येचशी का?" म्हणाला आणि लागला वेचायला.

मग काय, बांध फुटला. उरलेले नऊही जण धावत आले. ज्वारी पसाभर, पदवीधर अकरा. कुणी ओट्यावर, कुणी ओट्याखाली. "सरका जरा." "हाई बाजू मनी शे." "अहो, मी आधी पाहिलं." कबुतरं पुन्हा पुन्हा उतरायची आणि अर्थशास्त्रातला एक फर्स्ट क्लास एम.ए. आपली फाइल घेऊन त्यांच्यामागं पळायचा. एका बी.कॉम.नं तर फरशीच्या फटीतले दाणे काढायला खिशातलं पेन वापरलं. चार वर्षांत त्या पेनाला मिळालेलं ते पहिलंच काम असावं.

तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. वरच्या गॅलरीत पांढऱ्या साडीतल्या एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या आणि आमच्याकडं बघून जोरजोरात हात हलवत होत्या. तोंडानं एक शब्द नाही, नुसता हात. म्हटलं, शेठजींच्या आई दिसतात, खूश झाल्या. मी उभा राहून वाकून नमस्कार केला. त्यांनी दोन्ही हातांनी ओट्याकडं दाखवलं. "कोपऱ्यातले राहिलेत का? घेतो, घेतो," मी खालून ओरडलो, आणि कोपराही साफ केला. मग त्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, ऊन लागत असेल.

दहा वाजले. पहिलं नाव माझंच पुकारलं. मी रुमालाची गाठ मारून आत गेलो आणि पुरचुंडी शेठजींच्या टेबलावर ठेवली.

"शेठजी, आपला माल बाहेर सांडला होता. गोळा करून आणलाय."

शेठजींनी गाठ सोडली, ज्वारी पाहिली.

"सगळा वेचला?"

"एक दाणा सोडला नाही."

"आणि कुंडीवरचा नळ?"

"तोही मीच बंद केला, शेठजी," मी छाती काढून सांगितलं.

शेठजी मुनीमजींकडं बघायला लागले आणि मुनीमजी जमिनीकडं. मग मला कळलं ते असं. शेठजींच्या आई, म्हणजे माँजी, रोज सकाळी पाखरांना ज्वारी टाकायच्या, कुंडीत पाणी ठेवायच्या. पाखरं दाणे टिपून जाईपर्यंत त्यांचं मौन असायचं आणि तोवर त्या अन्नपाणी घेत नसत. कित्येक वर्षांचा नेम तो. त्या दिवशी अकरा सुशिक्षित माणसांनी मिळून तो मोडला होता.

मी तशीच पुरचुंडी उचलून बाहेर धावलो, ज्वारी ओट्यावर पसरली, बाकीच्यांच्या मुठीतलीही टाकायला लावली, नळ सोडला. पण कबुतरं कशाला येतात? ती मिलच्या पत्र्यावर बसून आमच्याकडं बघत होती. एम.ए.च्या फाइलीचा धसका घेतला होता त्यांनी.

अकरा वाजले. शेठजींनी पाखरं बुजू नयेत म्हणून मिल बंद करायला लावली. हमाल बाहेर येऊन सावलीत बसले आणि आम्हाला बघून हसायला लागले. बारा वाजले. गॅलरीत माँजी खुर्चीवर बसलेल्या, अजून पाण्याचा थेंब नाही. चैत्र-वैशाखातलं जळगावचं ऊन तुम्हाला माहीत आहे. आणि खाली आम्ही अकरा जण भिंतीला पाठ लावून, हात जोडून, हलक्या आवाजात पाखरांना बोलावतोय, "ये, ये, ये." शेठलोकांपुढं हात जोडले होते, साहेबांपुढं जोडले होते. कबुतरांपुढं जोडायचे बाकी होते, तेही झालं.

शेवटी शेठजी माझ्याजवळ आले. "भाऊ, एक विचारू? एवढे शिकलेले तुम्ही. शेतकऱ्याची मुलं. ओट्यावर ज्वारी, शेजारी पाण्याची कुंडी, वर कबुतरं. अकरा जणांत एकालाही वाटलं नाही का, की ही पाखरांसाठी टाकलीय?"

खोटं कशाला बोलू? "वाटलं होतं, शेठजी," मी म्हणालो. "क्षणभर वाटलं होतं. पण नोकरीसाठी टाकली असेल असं जास्त वाटलं."

पाखरांच्या तोंडचा घास दिसत असूनही मला तो माझाच वाटला होता, इतका मी वखवखलेला होतो.

दीड वाजता एक कबुतर उतरलं. मग दुसरं. मग सगळी. माँजी उठून आत गेल्या, आणि थोड्या वेळानं वरून निरोप आला की खालच्या सगळ्या मुलांना जेवायला वाढा. आम्ही अकरा जण पडवीत मांडी घालून जेवलो. वरण-पोळी होती. कुणी मान वर केली नाही.

जेवणानंतर शेठजींनी सांगितलं, "राग नाही धरला मी कुणावर. पण आज आमची माँजी दीड वाजेपर्यंत उपाशी राहिली. तुमच्यातल्या कुणाला ठेवलं तर रोज त्याचं तोंड पाहून मला ते आठवेल. जागा आता भरत नाही. मुनीमजीच बघतील अजून एखादं वर्ष."

म्हणजे बघा, माझी एकट्याची नाही, अकरा जणांची नोकरी मी एका रुमालात बांधून घालवली. फाटकातून बाहेर पडताना बाकीच्या दहा जणांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती सांगत नाही.

मुनीमजी मात्र माझ्यामागं फाटकापर्यंत आले. त्यांच्या हातात माझा अर्ज होता.

"अक्षर तुमचं?"

"हो."

"मोत्यासारखं आहे. मला आता दिसत नाही, मोतीबिंदू झालाय. मुलाकडं जाऊन राहायचं होतं मला." मुनीमजींनी चष्मा काढून धोतरानं पुसला. "हे अक्षर पाहून शेठजींनी आणि मी मागच्याच आठवड्यात तुमचं नाव पक्कं केलं होतं. आज फक्त तोंड पाहायचं होतं. एकालाच बोलावणं बरं दिसत नाही, म्हणून बाकीचे दहा. तुम्ही दहा वाजेपर्यंत त्या बाकावर बसून राहायचं, बस, एवढंच होतं."

परतीच्या एसटीत वाटेतलं पारोळा आलं कधी आणि गेलं कधी, मला कळलं नाही.

घरी पोचलो तेव्हा आबा ओसरीवर दोर वळत होते. मी काही लपवलं नाही. ज्वारी सांगितली, कबुतरं सांगितली, माँजी सांगितल्या, मुनीमजींचं बोलणंही सांगितलं. "नोकरी माझीच होती, आबा. मला तिथं नुसतं बसून राहायचं होतं. पण ते काही मला जमलं नाही."

आबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं वर पाहिलं, आणि खरोखरच न समजून विचारलं,

"अरे भाऊ, मंग चार वरीस तू दुसरं काय करेल शे?"