जप्तीची जीप आणि खंडेनवमी

पुण्याहून बेळगावला मी लग्नाला गेलोय, बारशाला गेलोय. सरकारची जीप जप्त करायला जाण्याची ही पहिलीच खेप. माझी थोरली बहीण, आक्का, बेळगावच्या वडगावात विणकराच्या घरी दिलेली. तिचा फोन आला, "जप्तीची ऑर्डर मिळाली रं! पर जीप कोर्टात न्हेऊन लावायला आमच्यात गाडी चालवाय येणारं कोण न्हाय. तू ये."

प्रकरण असं. विणकरांकडून साड्या घेणाऱ्या एका सरकारी मंडळानं दाजींना आणि त्यांच्या गल्लीला रोख पैशांऐवजी रोखे दिले. मुदत भरली की व्याजासकट पैसे, वर सरकारची हमी. मुदत भरली तोवर मंडळच बंद पडलं. मंडळाचे उरलेसुरले साहेब सरकारकडे बोट दाखवायचे, सरकार मंडळाकडे. रोखेधारक कोर्टात गेले, जिंकले, तरी दमडी मिळेना. कर्ज बुडवणाऱ्या देशांची जहाजं परदेशी बंदरात अडकवून ठेवतात, असं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. वडगावच्या नशिबी जहाज कुठलं, जीप आली. दाजींच्या चार मागांपैकी दोन कधीचे बंद आहेत. जीप हातातून गेली की सरकार झक मारत पैसे देईल आणि ते माग पुन्हा सुरू होतील, एवढीच त्यांची आस.

कोगनोळीच्या नाक्यावर बस रखडली. आधी ट्रकांची रांग, मग कंडक्टरचा चहा. निपाणीत तंबाखूचा उग्र वास खिडकीतून आत आला आणि मी भलत्या हौसेनं मिरचीभजी खाल्ली. तवंदी घाट उतरेपर्यंत पोटानं त्याचा हिशेब चुकता केला. शेजारच्या पागोटेवाल्या आजोबांनी विचारलं, "बेळगावला काय काम काढलंसा?"

"सरकारची जीप जप्त करायला चाललोय."

"व्हय?" त्यांनी पागोटं सारखं केलं. "घरात सांगून आलायसा न्हवं?"

दुसऱ्या दिवशी दाजी, मी आणि बेलीफ (कोर्टाचा हुकूम बजावणारा माणूस) जीप असलेल्या सरकारी कचेरीत पोचलो. खंडेनवमी उद्या होती. पण उद्या सुट्टी, म्हणून कचेरीनं आयुधपूजा आजच उरकलेली. दारात फोडलेला कोहळा. जीपला झेंडूचे हार, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, काचेवर कुंकवाची बोटं, चाकांखाली लिंबं. साहेब खुशीत होते. "बर्री, बर्री (या, या)!" म्हणत त्यांनी आमच्या हातात चुरमुरे आणि पेढे ठेवले. बेलीफानं कागद पुढे केला तसा त्यांचा चेहरा पडला. वाद न घालता त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. मी ती उचललीसुद्धा.

"ठेव ती," दाजी म्हणाले.

"म्हणजे?"

"पूजा झालीया. पुजलेला माग आमी दसरा झाल्याबिगर हलवत न्हाय. मग त्येंची गाडी कशी हलवायची?"

"दाजी, उद्यापासून कोर्टाला सुट्टी आहे! कोर्ट उघडताच हे लोक स्थगिती आणतील."

"आणू देत. पुजल्यालं उचलून न्हेलं तर घरात मागाफुडं हुबा कसा ऱ्हाऊ?"

साहेबांनी मान डोलावली. त्यांना तर आमच्या दाजींची भक्ती एकदम पटली! बेलीफानं खांदे उडवले आणि काहीतरी लिहून घेतलं. मी चिडून एकटाच खडेबाजारात गेलो, उगाच बेळगावची मिठाई म्हणून पावशेर कुंदा घेतला आणि उभ्याउभ्या निम्मा संपवला.

दसरा झाला. सोनं वाटलं. आक्कानं मला ठेवून घेतलं. पण जेवताना दाजींशी मी फक्त मीठ मागण्यापुरतं बोललो. सुट्टी संपून कोर्ट उघडलं त्याच दुपारी सरकारला स्थगिती मिळाली. आमच्या वकिलानं सरकारचा अर्ज मराठीत समजावून सांगितला. त्यात बेलीफाचा अहवाल जोडून लिहिलं होतं: जप्तीच्या वेळी रोखेधारकानं स्वतःहून वाहन सोडून दिलं, यावरून त्यास पैशांची निकड नसल्याचं दिसतं.

माझं डोकं फिरलं. दाजी मात्र म्हणाले, "सोडली ती मीच की. त्यात खोटं काय लिवलंय?"

दुसऱ्या दिवशी मी परतीची बस धरली. सरकारला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहत होतो, दाजींसाठीही भाषण तयार होतं. त्यांच्या चांगुलपणाचा कुणी पुरावा म्हणून वापर करतं, हे या माणसाला कळणार कधी? कोगनोळी ओलांडली आणि आक्काचा फोन आला.

"एक माग दिला रं आज. भंगारवाला टेम्पो घेऊन आलता."

"दाजी कुठायत?"

"ऱ्हायलेल्या बंद मागापाशी बसल्यात. तुज्याशी बोलायचं म्हणत्यात." मग दाजींचा आवाज आला. "फुडली तारीख दिवाळीच्या आदुगर पडंल असं बग म्हणून वकिलाला सांगितलंय. गाडी पुन्ना लक्ष्मीपूजनात पुजल्याली घावायला नगो. येशील न्हवं गाडी चालवायला?"

तयार केलेलं भाषण बाजूला ठेवलं. येतो म्हणालो.