बायजाक्काची फुगणारी पूड

त्र्याण्णव साली रामनगरच्या स्टँडवर एकच बातमी होती: बेळगावच्या डॉक्टरांनी खानावळवाल्या बायजाक्काच्या पोटात चरबी खाणारी अळी सोडली आहे. ट्रकवरचा लखू क्लीनर तर डोळे वटारून सांगायचा, "वळवळतीया म्हनं! मटणाचा वास आला की डोस्कं वर काढती!"

अळीबिळी काही नव्हती. पुडी होती, इसबगोलासारख्या भुशाची. बायजाक्काची थोरली बहीण तुळजा आदल्या साली भाकरी थापता थापता छाती धरून चुलीपुढेच गेली. त्यांची आईही तशीच गेलेली. म्हणून बायजाक्काने डॉक्टरांच्या शिबिरात रक्त तपासायला दिलं, तर त्यात कोलेस्टेरॉल भलतंच वर. हा भुसा खाण्यातलं कोलेस्टेरॉल आतड्यात अडवतो का, ते डॉक्टर तपासत होते. निम्म्या लोकांना खरी पूड, निम्म्यांना नुसतं पीठ.

"मग मला कंची?"

"ते मलाही माहीत नाही, बाई," डॉक्टर नाकातून बोलायचे. "मुद्दामच तसं ठेवलंय. फक्त ग्लासभर पाण्यात ढवळायची आणि लगेच प्यायची."

खानावळीत परतली ती पांढरीफटक. मी तिथे ताटं वाढायचो. "देनाऱ्यालाच ठावं न्हाई रे परशा! मग मी जगनार का मरनार, इचारू कुनाला?"

आमच्याकडे नवं औषध आधी देवापुढे ठेवतात. तिने पुडी फोडून देवीला दाखवली आणि सवयीने, अंगारा घेतात तशी, सगळी कोरडीच जिभेवर टाकली. अंगाऱ्यावर कोणी पाणी पीत नाही. तीही प्यायली नाही. पूड घशातच फुगली. डोळे बाहेर आले, तोंडातून आवाज नाही, हात माझ्या सदऱ्याला. एरवी मी अख्ख्या स्टँडच्या नकला करतो, बायजाक्काची तर रोज; तेव्हा मात्र नुसता धावलो. तिला वाकवून पाठीत धपाटे घातले, तेव्हा कुठे चिकट गोळा बाहेर पडला.

ती धापा टाकत बसली. मग म्हणाली, "न्हाई घेतली तर तुळजाक्कागत. घेतली तर ही अशी."

"सोड की, अक्का. उद्या तू गलासाला हात बी लावनार न्हाईस. लावलास तर शिमग्यापातूर तुझी नक्कल बंद!"

"व्हय? लागली पैज, माकडा."

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी तिने पूड पाण्यात ढवळली. ग्लास ओठांना लावला. दुसऱ्या हाताने माझं मनगट असं आवळलं की तिची नखं उमटली. घटाघटा प्यायली, वरून आणखी पाणी, आणि तुळजाक्काच्या रिकाम्या पाटाकडे बघत वाट पाहत राहिली. श्वास येत होता, जात होता.

"हरलास," ती पुटपुटली. मनगट मात्र सोडलं नाही.

संध्याकाळी लखू ओरडला, "परशा, कर की बायजाक्काची नक्कल!"

मी तोंड उघडलं. आत चुलीपाशी ती ग्लास ढवळत होती, नजर माझ्यावर. मी तोंड मिटलं आणि लखूला पाणी नेऊन दिलं.