बोटीवरच्या हुडीला कापड किती जाड हवं?

मंडळी, आज सकाळी उत्तनला गेलो होतो. तिथल्या मासेमारी करणाऱ्या पोरांनी आमच्या ब्रँडला हुड्यांची ऑर्डर दिलीय. मी सगळ्यात जाड, चारशे जीएसएमचं कॉटन दाखवलं.

एका पोराच्या आजोबांनी, पास्कूकाकांनी, तो तुकडा बादलीत बुडवून माझ्या हातात दिला.

"काका, केवढा जड झालाय!"

"सत्तर सालच्या आसपास असाच जाड कोट घालून मी दर्यात पडलो. हातच उचलत न्हवते. भावाने सुरीने कोट फाडला, म्हणून आज तुझ्यासमोर हाय."

मग दोनशे चाळीस जीएसएमचं पॉलिएस्टर भिजवलं. पिळताच हलकं झालं. काकांनी मान डोलावली, तेच ठरलं.

इतकी वर्षं मी कापड कोरडंच तपासत आलो. तुम्ही कसं तपासता?